फोटो काढणाऱ्यांचं शिक्षण

(जागतिक रेडिओग्राफी दिनी, ८ नोव्हेंबरला, छत्रपती संभाजीनगर येथे दिवंगत क्ष-किरण कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आणि समोर बसलेले तंत्रज्ञ, सहाय्यक, मामा, मावशी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मामा आणि मावशी हे शब्द मी मुद्दाम घेतले. दवाखान्यात स्ट्रेचर ढकलणाऱ्याला आपण मामा म्हणतो आणि रुग्णाचे कपडे बदलून देणाऱ्या बाईला मावशी म्हणतो. सेवापुस्तकात त्यांना कक्षसेवक, परिचर अशी नावं आहेत, पण रुग्ण त्यांना मामा-मावशी म्हणूनच ओळखतो. आजचं व्याख्यान त्यांच्याबद्दलही आहे. त्यांना वगळून आमच्या खात्यातल्या शिक्षणावर बोलणं मला अर्धवट वाटतं.

ही व्याख्यानमाला आपल्यातून गेलेल्या सहकाऱ्यांच्या आठवणीसाठी आहे. त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही रिपोर्टवर छापून आलं नाही. रिपोर्टवर रुग्णाचं नाव असतं, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं असतं, खाली रेडिओलॉजिस्टची सही असते. फोटो ज्याने काढला त्याची खूण म्हणजे फिल्मच्या कोपऱ्यातलं शिशाचं एक अक्षर, डावं की उजवं ते सांगणारं. आपल्याकडचा रुग्ण एक्स-रेला आजही ‘फोटो’च म्हणतो. ‘फोटो काढायचाय’ असं म्हणत तो खिडकीशी उभा राहतो. म्हणून व्याख्यानाला मी हेच नाव दिलं.

१८९५ साली आजच्याच तारखेला जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग शहरात विल्हेल्म रॉन्टजेन यांना हे किरण सापडले. सहा आठवड्यांनी, २२ डिसेंबरला, त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडं दिसतात आणि बोटातली अंगठीही दिसते. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं. या शोधाचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, म्हणून तो काही महिन्यांतच जगभर पोचला. किरण सगळीकडे गेले, पण ते कसे हाताळायचे याचं शिक्षण त्यांच्या मागून फार सावकाश आलं. मधल्या काळाची किंमत कोणी दिली, ते पुढे सांगतो.

मी १९८४ साली मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात अंधारखोली सहाय्यक म्हणून लागलो. इथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी अंधारखोली पाहिलेली नाही. आठ बाय सहाची खोली, लाल दिवा, हायपो या रसायनाचा कपड्यांना चिकटणारा वास, आणि ओळीने तीन टाक्या: डेव्हलपर, पाणी, फिक्सर. फिल्म हँगरला अडकवायची आणि डेव्हलपरमध्ये सोडायची. २० अंश सेल्सिअसला पाच मिनिटं, असं डब्यावरचं कोष्टक सांगायचं. ते लिहिणाऱ्याने आमचा एप्रिल पाहिला नव्हता. बाहेर ४२ अंश असले की नळाचं पाणीच ३४-३५ अंशांवर असायचं. तेवढ्या उष्णतेत फिल्मवरचा लेप मऊ पडतो, कडेला सुरकुततो, आणि फोटो काळपट येतो.

आमचे तेव्हाचे तंत्रज्ञ जुने होते. त्यांनी मला पहिल्या उन्हाळ्यात एक गोष्ट शिकवली. बर्फाची लादी आणायची, फोडायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि मगच टाकीत सोडायची. बर्फ उघडा टाकला तर तो वितळून औषध पातळ होतं. औषध पातळ झालं की फोटो फिका येतो, आणि मग पुढचा तंत्रज्ञ किरण वाढवतो. म्हणजे पिशवीला पडलेल्या भोकाचा डोस शेवटी रुग्णाच्या अंगावर जातो. हे मला कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नाही. टाकीशी उभं राहून, हातात थर्मामीटर देऊन शिकवलं.

त्यांच्याकडे तपकिरी कागदाचं वेष्टन घातलेली एक वही होती. एक्स-रे काढायच्या भागाची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिची दुप्पट करायची, त्यात आपल्या मशीनचा ठरलेला आकडा मिळवायचा, की किलोव्होल्ट निघाले. वहीत एका बाजूला हा हिशेब होता आणि दुसऱ्या बाजूला चुका: कोणता फोटो परत काढावा लागला आणि का. ‘श्वास सोडून दम धरला’, ‘ताईत काढायचा राहिला’, ‘मुलाला घट्ट धरलं नाही’. सहा महिन्यांनी त्यांनी ती वही मला उतरवून घ्यायला लावली. दोन रात्री लागल्या. पुढे मी रीतसर अभ्यासक्रम केला, तंत्रज्ञ झालो, सीटीवर गेलो, शेवटची वर्षं शिकवलंही; पण माझं पहिलं पाठ्यपुस्तक ती वही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसांत मदतीला गेलेल्या पथकात मीही होतो. वीज येत-जात होती, फिल्म वाळायला वेळ नव्हता. ओल्या फिल्म हँगरसकट आभाळाकडे धरून डॉक्टर हाडं बघत होते. कुठल्या माणसाला किती किरण लागतील याचं कोष्टक शोधायला तिथे कोणी बसलं नव्हतं. जे होतं ते डोक्यात होतं, कारण ते कोणीतरी आमच्या डोक्यात घातलं होतं.

ते दिवस फार चांगले होते असं म्हणायला मी इथे आलेलो नाही. त्या खोलीत हवा नव्हती, फिक्सरने हातांची सालं निघायची. अंधारखोली गेली ते बरंच झालं. पण तिच्याबरोबर शिकवण्याची एक पद्धत गेली आणि तिच्या जागी आपण काही उभं केलं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

आज शिक्षण कसं होतं? नवं मशीन येतं. त्याच्याबरोबर कंपनीचा माणूस येतो, तीन-चार दिवस राहतो, कुठलं बटण कशाचं ते दाखवतो. ज्यांची ड्यूटी त्या दिवसांत असते ते शिकतात. रात्रपाळीवाला त्यांच्याकडून शिकतो आणि कंत्राटावर आलेला नवा मुलगा रात्रपाळीवाल्याकडून. तिसऱ्या हाताला पोचेपर्यंत ‘का’ गळून पडतं आणि ‘हे दाबायचं’ एवढंच उरतं. मशीन घेताना त्याच्या वार्षिक देखभालीच्या कराराची तरतूद असते. ते चालवणाऱ्या माणसाचं ज्ञान ताजं ठेवायची तरतूद मी तरी कुठल्या निविदेत पाहिलेली नाही.

यातून काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो. फिल्मच्या काळात किरण जास्त झाले तर फोटो काळा यायचा. चूक डोळ्यांना दिसायची, साहेब ओरडायचे. डिजिटलमध्ये संगणक उजेड-अंधार आपोआप जुळवून घेतो. किरण कमी पडले तर चित्र दाणेदार येतं आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त झाले तर चित्र सुरेख येतं आणि सगळे खूश होतात. तक्रार नको म्हणून तंत्रज्ञाचा हात हळूहळू वरच्या आकड्याकडे सरकतो. या वर्षी थोडा, पुढच्या वर्षी आणखी थोडा. जगभरच्या रेडिओग्राफीने हा धोका ओळखला आहे. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा येतो, एक्स्पोजर इंडेक्स, किरण योग्य होते की जास्त ते सांगणारा. मी विद्यार्थ्यांना घेऊन जिथे जिथे गेलो, तिथे हा आकडा कशाचा असं विचारलं. बऱ्याच ठिकाणी मुलं गप्प राहिली. मुलं हुशार होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता छातीचा साधा फोटो घ्या. आपल्या घाटीत हे काम दिवसभर चाललेलं असतं. १९५६ साली सुरू झालेल्या या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं येतात. पाटीला छाती टेकवून उभं करायचं, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे, म्हणजे खांद्याचा फरा फुप्फुसावरून बाजूला होतो. ट्यूब सहा फुटांवर, नाहीतर हृदय आहे त्याहून मोठं दिसतं. मग ‘दम धरा’. उर्दू बोलणाऱ्या चाचांना ‘साँस खींचो, रोको’. तांड्यावरून आलेल्या आजीला आपण स्वतः श्वास भरून दाखवायचा, कारण ‘दम धरा’ म्हटलं की अनेक जण आधी श्वास सोडतात आणि मग धरतात. तसा फोटो आला की फुप्फुसाचा खालचा भाग पांढुरका दिसतो, आणि नसलेला आजार दिसायला लागतो.

आणि मंगळसूत्र. एखादी आजी ते काढायला तयार होत नाही. अशा वेळी खेकसणारे मी पाहिले आहेत, आणि तसाच फोटो काढून वाट्यांची सावली फुप्फुसावर पाडणारेही. आमच्याकडे एक मावशी होत्या. त्या आजीच्या मागे जायच्या, मंगळसूत्र वर ओढून अलगद अंबाड्यात खोचायच्या आणि म्हणायच्या, ‘गळ्यातच हाय बघा आजी, कुठं नाही गेलं.’ पहिल्याच खेपेला स्वच्छ फोटो. परत काढावा लागला नाही म्हणजे निम्मा डोस वाचला. सांगा, या मावशी ‘अकुशल’ कशा? पण मनुष्यबळाच्या तक्त्यात त्या त्याच रकान्यात होत्या.

आता मामांची गोष्ट. ती मला जड जाते, पण ज्यांच्या आठवणीसाठी आपण जमलो त्यांत तेही आहेत.

लहान मुलाचा फोटो काढताना ते हलतं. कोणीतरी धरावं लागतं. नियम असा की शक्यतो आई-बापांपैकी एकाने शिशाचा एप्रन घालून धरावं, आणि कर्मचाऱ्याने हे रोजचं काम म्हणून करू नये. कारण साधं आहे: आई एकदाच धरेल, कर्मचारी रोज वीस वेळा धरेल. आमच्या त्या दवाखान्यात, आणि मी त्याचं नाव घेणार नाही, मुलं मामाच धरायचे. आई घाबरलेली असायची, रांग वाढलेली असायची, आणि मामांना पोरांची सवय होती. एप्रन एकच होता, तोही फाटका. मामांना कुणी सांगितलं नाही की किरणांपासून दुप्पट लांब गेलं तर मार चौथ्या हिश्शावर येतो. मलाही तेव्हा ते सांगावंसं वाटलं नाही. माझ्या छातीवर बॅज होता. बाहेरच्यांसाठी सांगतो: त्या बॅजमध्ये रसायनाच्या तीन बारीक चकत्या असतात, दर तीन महिन्यांनी ते तपासणीला जातात आणि आपल्या अंगावर किती किरण पडले ते कळतं. किरणांत काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, आणि आपल्या देशात कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. मामांना बॅज नव्हता, कारण कागदोपत्री ते किरणांत काम करतच नव्हते.

मामा निवृत्तीनंतर आजारी पडले आणि गेले. त्या आजाराचा किरणांशी संबंध होता असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला हातात आकडा हवा. तो कधी मोजलाच गेला नाही.

मदतनिसांचं हे नशीब आजचं नाही. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली हा काच फुंकणारा कारागीर त्यांचा सहाय्यक होता. एक्स-रेच्या नळ्या तपासायला तो स्वतःचा हात किरणांसमोर धरायचा. आधी कातडी गेली, मग दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ मध्ये तो वारला. एडिसन यांनी त्या कामाचा नादच सोडला. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली किरणांमुळे जीव गेलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. सुरुवातीला त्यावर १६९ नावं होती, पुढे ती वाढत गेली. त्यांत नामवंत डॉक्टर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, तंत्रज्ञ आणि परिचारिकाही आहेत.

त्याच काळात शिकवण्याचं उत्तम उदाहरणही घडलं. पहिल्या महायुद्धात मारी क्युरी यांनी एक्स-रेच्या गाड्या आघाडीवर नेल्या. गाड्या मिळाल्या, पण चालवायला माणसं नव्हती. त्यांनी पॅरिसमध्ये वर्ग काढला आणि मुलगी इरेनला बरोबर घेऊन सुमारे दीडशे स्त्रिया तयार केल्या. त्यांना वीज शिकवली, शरीररचना शिकवली, फिल्म धुवायला शिकवलं. दोन नोबेल मिळवलेली बाई युद्धाच्या धामधुमीत वर्ग घ्यायला उभी राहते, आणि आपल्याकडे ‘कामाच्या गडबडीत शिकवायला वेळ कुठे आहे’ असं म्हणतात. ते मला पटत नाही.

शिक्षण नसलं की काय होतं याचं आपल्या राज्यातलं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २७ जानेवारी २०१८ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण नातेवाईक रुग्णाबरोबर एमआरआयच्या खोलीत गेला, हातात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन. चुंबकाने सिलिंडर खेचला, त्याच्याबरोबर त्यालाही, आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे, सिलिंडर नेला तर चालेल असं तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. पुढे डॉक्टरांबरोबर वॉर्डबॉय आणि आयालाही अटक झाली.

दोष कुणाचा ते ठरवायचं काम माझं नाही. मला दिसतो तो प्रश्न वेगळा आहे. एमआरआयचं चुंबक कधीच बंद नसतं. तपासणी चालू असो, नसो, दिवे मालवलेले असोत, चुंबक चोवीस तास जागं असतं. आवाज थांबला म्हणजे मशीन थांबलं असं नवख्याला वाटणारच. हे एक वाक्य, ‘ते कधीच बंद नसतं’, त्या दारातून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं. सफाई करणाऱ्या ताईंना, स्ट्रेचर आणणाऱ्या मामांना, रात्रीच्या सुरक्षारक्षकाला, आग लागली तर येणाऱ्या बंबावरच्या जवानालाही. ते शिकवायला पदवी लागत नाही, पंधरा मिनिटं आणि दोरीला बांधलेली एक लोखंडी किल्ली लागते. जाणत्या माणसाने दोरी मुठीत घट्ट धरून चुंबकाजवळ नेलेली ती किल्ली दोरीसकट आडवी होते तेव्हा माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते तो जन्मात विसरत नाही. मी हे करून दाखवलेलं आहे.

आता बढतीकडे वळतो, कारण तरुण मंडळी त्यासाठीच आली आहेत हे मला ठाऊक आहे.

त्याआधी एक तुलना, कारण या शहराला कारखान्यांची भाषा कळते. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा, त्याच्याभोवती दोन पिढ्या घडल्या. नवं सीएनसी मशीन आलं की ते चालवणाऱ्याला आधी शिकवतात, कारण बिघडलेला प्रत्येक जॉब मोजला जातो आणि रिजेक्शन वाढलं की वरून विचारणा होते. आमच्याकडे बिघडलेला फोटो मोजतं कोण? डिजिटलवर तो पुसून टाकला की संपलं. ज्या दिवशी परत काढलेल्या फोटोंची नोंद रोज होऊ लागेल, त्या दिवशी शिक्षणाची गरज कुणाला पटवून द्यावी लागणार नाही.

आता बढती. सरकारी सेवेत क्ष-किरण सहाय्यक, क्ष-किरण तंत्रज्ञ, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी अशी पदं आहेत. पण वरच्या जागा इतक्या थोड्या, की बहुतेक जण ज्या खुर्चीवर बसले त्याच खुर्चीवरून निवृत्त होतात. आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी वेतनस्तर वाढतो, हे चांगलंच आहे, माझाही वाढला. पण पगार वाढताना काम तेच राहतं, जबाबदारी तीच राहते, आणि नवं काही शिकायला हवं अशी अटही कोणी घालत नाही. खासगी ठिकाणी अकरा महिन्यांचे आदेश. ज्या मुलाला पुढच्या वर्षी इथे असू की नाही माहीत नाही, तो सीटीचा नवा प्रोटोकॉल शिकायला रात्री थांबेल कसा?

ब्रिटनमध्ये या कामाला चार पायऱ्या आहेत: सहाय्यक, रेडिओग्राफर, प्रगत रेडिओग्राफर आणि सल्लागार रेडिओग्राफर. मदतनीस म्हणून आलेला माणूस कामावर असताना शिकून वर चढू शकतो. काही रेडिओग्राफर तर ठरावीक शिक्षण घेऊन हाडांच्या फोटोंचे रिपोर्टही लिहितात. १९८० च्या दशकात तिथल्या एका रुग्णालयाने साधी युक्ती काढली. फोटोत काही बिघाड दिसला तर तंत्रज्ञाने फिल्मवर लाल ठिपका चिकटवायचा, म्हणजे अपघात विभागातला तरुण डॉक्टर सावध होतो. मी हे वाचलं आणि टिकल्यांचं एक पाकीट विकत आणलं. आमच्या विभागात तीन वर्षं लाल टिकली चालली. एका रात्री मोटारसायकलवरून पडलेल्या पोराच्या फोटोवर आमच्या विभागातल्या तंत्रज्ञ मुलीने टिकली लावली: एका बाजूचं फुप्फुस मिटलं होतं आणि भोवती हवा भरली होती. डॉक्टर धावत आले. रिपोर्ट करणारे साहेब दुसऱ्या शहरात, संगणकावर. रुग्णाजवळ त्या वेळी असलेला एकमेव जाणता माणूस म्हणजे ती मुलगी होती. टेलिरेडिओलॉजी वाढेल तसं हे आणखी खरं होत जाईल. तिला निदान करायचा अधिकार नाही आणि नसावाही. पण हे नेहमीसारखं नाही, आत्ता फोन करायला हवा, एवढं ओळखायचं रीतसर शिक्षण तिला मिळालं पाहिजे.

एक पायरी आपल्याकडे बंद आहे, तीही सांगतो. अनेक देशांत तंत्रज्ञ सोनोग्राफी शिकतो आणि तीच त्याची मोठी बढती ठरते. आपल्याकडे सोनोग्राफी पात्र डॉक्टरांनीच करायची. लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा आला, २००३ मध्ये तो कडक झाला. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हा आकडा समोर असताना ती वाट बंद असण्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट ती बंद आहे म्हणूनच बाकीच्या वाटा रुंद करायला हव्यात. सीटी, एमआरआय, कॅथलॅब, किरणसुरक्षा, अध्यापन. मॅमोग्राफीला तर स्त्री तंत्रज्ञ हवीच. खेड्यातली बाई पुरुषापुढे उभी राहणार नाही आणि तिची गाठ तशीच राहील. आपल्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथल्या किरणोपचाराला लागणारे हात याच भागातल्या मुलामुलींचे असावेत असं मला मनापासून वाटतं.

कायद्याने दार उघडलं आहे. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात आपल्या क्षेत्राला स्वतंत्र स्थान आहे. किमान किती तासांचं शिक्षण हवं ते त्यात लिहिलेलं आहे: संलग्न व्यावसायिकासाठी दोन हजार तास, त्याहून वरच्या व्यावसायिकासाठी ३६०० तास. पण अंमलबजावणी रखडली, ती इतकी की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. दोन हजार तास म्हणजे रोज सहा तास धरले तरी ३३३ दिवस. आता ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन व्हा’ अशी जाहिरात बसथांब्यावर दिसली, तर हा हिशेब करून पाहा. कन्नड-सिल्लोडकडची पोरं कापसाचे पैसे भरून असल्या प्रमाणपत्रांच्या मागे लागतात, आणि नोंदणीच्या वेळी रडत माझ्याकडे येतात. विद्यार्थ्यांनो, फी भरण्याआधी अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठाशी किंवा परिषदेशी जोडलेला आहे आणि प्रत्यक्ष काम कुठल्या रुग्णालयात मिळणार आहे, ते लेखी मागा. लेखी देत नसतील तर उठून या.

यंत्र आपली नोकरी खाईल का, असं मला हल्ली फार विचारतात. डिसेंबर २०२४ मध्ये क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम निघाली. हातात धरायची एक्स-रे मशीनं गावागावांत गेली, आणि संगणक फोटो वाचून संशय आहे की नाही ते सांगू लागला. चांगली गोष्ट आहे. क्षयाचा रुग्ण लवकर सापडतो. पण पाराच्या कट्ट्याजवळ ते मशीन धरलं असताना मागे कोण उभं आहे, पोरं किती अंतरावर आहेत, समोरच्या ऊसतोड कामगाराने दम नीट धरला का, हे बघायला माणूसच लागतो. आणि विभागाच्या चार भिंतींत जे शिसं होतं ते त्या कट्ट्यावर नाही. उघड्यावरच्या माणसाला आतल्यापेक्षा जास्त शिकवावं लागेल.

रुग्णालयांचे प्रमुख इथे समोर बसले आहेत. मोठ्या योजना मागायला मी उभा नाही, त्या सरकारकडे मागू. तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो. परत काढलेल्या फोटोंची वही उद्यापासून सुरू करा आणि चूक लिहिणाऱ्याला कधी रागावू नका. आठवड्यातला एक तास, बुधवारी दुपारी म्हणा, ड्यूटीच्या वेळेतच, पगारी, फक्त शिकण्यासाठी ठेवा. आणि त्या तासाला मामा आणि मावशींसाठी खुर्च्या मांडा, दाराशी उभं राहून ऐकायला लावू नका.

शिकवायला कोणी नसेल तर मला बोलवा. शहरात कुठेही, आठवड्यातून दोन दिवस, मानधन न घेता येईन. येताना ती तपकिरी वही घेऊन येईन. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी.